हॉटेलांचं तेरावं घालण्याआधी

अमेरिकेतली रेस्टॉरंटं आता फार दिवसांची सोबती नाहीत, हे विधान गेल्या काही वर्षांत इतक्या जणांनी इतक्या खात्रीनं केलंय की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ते ऐकू येतं, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर फिरवताना ऐकू येतं, आणि एखादी जुनी चेन दिवाळखोरीत निघाली की दुसऱ्या दिवशी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर झळकतं. आरोपपत्र ठरलेलं आहे. सरकारनं पगार वाढवायला लावले, म्हणून धंदा बसला. टिपेच्या नावाखाली लूट सुरू झाली, म्हणून गिऱ्हाईक पळालं. फोनवर बोट फिरवलं की जेवण दारात येतं, मग हॉटेलात जातो कोण? आणि उरलंसुरलं काम यंत्रं करणारच आहेत.

यातलं एकही कलम साफ खोटं नाही, आणि पंचाईत तीच आहे. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, निकाल मात्र चारही जोडून काढला तरी चुकतो.

आधी मयत झालंय का ते पाहू. एप्रिल २०२० या एका महिन्यात अमेरिकेतल्या खाण्यापिण्याच्या ठिकाणांमधल्या सुमारे ५५ लाख लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आदल्या फेब्रुवारीत तिथे सव्वा कोटीच्या आसपास माणसं कामाला होती, म्हणजे जवळजवळ निम्मा धंदा एका फटक्यात घरी बसला. त्या दिवसांत ‘हे सगळं आता संपलं’ असं म्हणणाऱ्याला कुणी वेडा म्हटलं नसतं. पण २०२३ सरेपर्यंत ती संख्या भरून निघाली. अमेरिकेत अन्नावर जो खर्च होतो त्यातला निम्म्याहून जास्त आज घराबाहेरच्या खाण्यावर जातो. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन या मालकांच्या संघटनेनं २०२५ साठी विक्रीचा अंदाज बांधला तो दीड ट्रिलियन डॉलरचा, म्हणजे दीड लाख कोटींचा, आणि कामगारांचा १ कोटी ५९ लाखांचा. तेराव्याची तयारी करावी असे हे आकडे नाहीत.

मात्र या आकड्यांवर ढोल बडवणाऱ्यांनाही माझा पाठिंबा नाही. विक्री डॉलरमध्ये मोजली की महागाईसुद्धा भरभराटीसारखी दिसते. एकट्या २०२२ मध्ये बाहेरच्या खाण्याचे दर आठ टक्क्यांहून जास्त वाढले. तोच डोसा, तेच गिऱ्हाईक, तीच चटणी, आणि विक्री वाढली! ताटं किती जास्त वाढली गेली हे विचारलं की ढोलाचा आवाज बराच खाली येतो.

जाता जाता एका जुन्या अफवेचाही निकाल लावतो, कारण शोकसभेत ती हमखास निघते: दहातली नऊ हॉटेलं पहिल्याच वर्षी बंद पडतात. २००३ मध्ये एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत हे वाक्य होतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एच. जी. पारसा यांनी कोलंबस शहरातल्या नोंदी तपासल्या तेव्हा पहिल्या वर्षी बंद पडणारी निघाली साधारण चारातलं एक, आणि तीन वर्षांत साठ टक्क्यांच्या आसपास. पुढे पश्चिमेकडच्या राज्यांच्या अभ्यासात पहिल्या वर्षाचा आकडा १७ टक्क्यांवर आला. धंदा बेभरवशाचा आहेच, पण नव्वद टक्के ही निव्वळ थाप.

आता बड्या चेनचं दिवाळं. इथे मला सविस्तर बोलायचंय, कारण सगळा घोळ याच उदाहरणांवरून होतो.

रेड लॉबस्टर मे २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि सगळ्यांना एक मजेदार गोष्ट सापडली: वीस डॉलरमध्ये पोटभर कोलंबी. लोकांनी इतकी कोलंबी खाल्ली की कंपनी बुडाली! विनोद छान आहे. त्या योजनेत कंपनीला सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा खड्डा पडला, हेही खरं. पण २०२३ या वर्षाचा एकूण तोटा ७ कोटी ६० लाखांचा होता, आणि त्याच वर्षी कंपनीनं नुसतं भाडं भरलं ते १९ कोटींहून जास्त. हे भाडं आलं कुठून? २०१४ मध्ये डार्डन या मूळ मालकानं रेड लॉबस्टर गोल्डन गेट कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला २१० कोटी डॉलरला विकली. खरेदी करणाऱ्यानं त्याच व्यवहारात जवळपास पाचशे हॉटेलांखालच्या जागा तिसऱ्याच कंपनीला दीडशे कोटींना विकून टाकल्या. म्हणजे घर घेतानाच त्याच्याखालची जमीन विकून घराची बरीचशी किंमत वसूल केली, आणि घरातल्यांना सांगितलं की आता दर महिन्याला भाडं द्या. १९६८ पासून स्वतःच्या जागेत मासे तळणारी माणसं एका सहीनं भाडेकरू झाली. यातल्या ज्या शाखा चालत नव्हत्या, त्यांचंच भाडं २०२३ मध्ये सहा कोटींच्या वर गेलं. त्या बंद करायच्या तर करार मोडत नव्हते, चालवायच्या तर गिऱ्हाईक नव्हतं. मग एक दिवस शटर ओढली आणि स्वयंपाकघरातल्या भट्ट्या, खुर्च्या, फ्रीज लिलावात काढले.

यात पगारवाढीचा, टिपेचा किंवा फोनवरून मागवलेल्या जेवणाचा दोष कितीसा? टीजीआय फ्रायडेज नोव्हेंबर २०२४ मध्ये तशाच कोर्टाच्या पायऱ्या चढली, तेव्हा तिच्या प्रमुखानंच कारणं सांगितली ती करोना आणि भांडवलाची रचना अशी. भांडवलाची रचना म्हणजे साध्या मराठीत कर्ज. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटली तर संन्यासी इथे ताटं विसळणारा पोरगा आहे.

यावर उत्तर येईल की ते काही असो, टेबलावर बसून जेवायच्या मधल्या किमतीच्या हॉटेलांचा जमानाच गेला. बरं, मग चिलीजचं काय करायचं? तीही जुनी चेन, १९७५ सालची, त्याच मॉलच्या वाहनतळाशेजारी उभी, तशाच मेन्यूची. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत तिच्या आधीपासून चालू असलेल्या शाखांची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा ३१ टक्क्यांनी वाढली. नव्या कारभाऱ्यांनी मेन्यू कापला, अकरा डॉलरच्या आतलं जेवण जाहिरातीत ठेवलं, टेबलं उचलायला माणसं परत नेमली, आणि ताटं वाहून नेणाऱ्या यंत्रमानवाची चाचणी गुंडाळली. माणसं वाढवली, यंत्र घरी पाठवलं, विक्री वाढली. एका चेनवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. पण जमाना गेला म्हणणाऱ्यांचा सिद्धांतही दोन-तीन चेनवरच उभा आहे.

पगाराकडे येतो. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून देशभरात साठाहून जास्त शाखा असलेल्या फास्ट फूड चेनना तासाला किमान वीस डॉलर द्यावे लागतात. ‘आता बघा काय होतं ते’ म्हणणाऱ्यांना जे झालं ते पुरतं आवडणार नाही, आणि विरुद्ध बाजूलाही नाही. बर्कलेच्या अभ्यासकांना नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही, आणि दरवाढ दिसली तीही किरकोळ. दुसऱ्या अर्थतज्ज्ञांच्या हिशेबात नोकऱ्या सुमारे १८ हजारांनी कमी भरल्या. दुसरा आकडाच खरा धरू. राज्यातल्या फास्ट फूडच्या नोकऱ्यांचे ते साधारण तीन टक्के होतात. याला दुखापत म्हणता येईल, मरण नाही. शिवाय सात राज्यांत, कॅलिफोर्नियापासून मिनेसोटापर्यंत, वेटरला टिपेच्या नावावर कमी पगार द्यायला कायद्यानं मुळीच परवानगी नाही, आणि ही मनाईही आजकालची नाही. तिथे हॉटेलं ओस पडली असती तर सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलमध्ये शनिवारी रात्री टेबल मिळवायला मारामार झाली नसती.

उरलेल्या देशात काय चालतं? टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची केंद्रीय किमान मजुरी तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, १९९१ पासून. टिप धरून सव्वासात डॉलर भरले नाहीत तर फरक मालकानं घालायचा, असं कायदा सांगतो. म्हणजे ज्या टिपेला आपण लूट म्हणतो ती बऱ्याच राज्यांत पगारच आहे, फक्त तो मालकाच्या गल्ल्यातून न जाता आपल्या खिशातून जातो. अठरा की बावीस टक्के, या पडद्यावरच्या बटणांवर आपण चिडतो ते रास्त आहे. कॉफी आपणच काउंटरवरून उचलायची आणि वर टिप द्यायची, हा आगाऊपणाच. पण राग वळतो तो वेटरकडे. न्यूयॉर्कच्या डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांतून टिप काढून टाकली आणि ताटाचे दर त्या हिशेबानं वाढवले. वाढपी आणि स्वयंपाकी यांच्या कमाईतली दरी बुजावी, हा त्यामागचा मोठा हेतू. मेन्यूवरचा मोठा आकडा पाहून गिऱ्हाईक बिचकलं, चांगले वेटर टिप मिळते तिकडे गेले, आणि जुलै २०२० मध्ये मायर यांनी प्रयोग आवरता घेतला. आपल्याला खरी किंमत आधी सांगितलेली आवडत नाही आणि नंतर मागितलेली तर त्याहून नाही. या हट्टाचं ओझं शेवटी स्वयंपाकघरात जाऊन पडतं. २०२५ च्या कायद्यानं टिपेवर पंचवीस हजार डॉलरपर्यंत करसवलत दिली, तीही २०२८ पर्यंतच. आतल्या भट्टीपाशी उभ्या असलेल्याला टिपच मिळत नसेल तर त्यानं त्या सवलतीचं करायचं काय?

फोनवरून मागवण्याच्या कलमाशी मी बराचसा सहमत आहे, फक्त दोषी कोण यावर मतभेद. तीस डॉलरची ऑर्डर घ्या. डिलिव्हरी कंपन्यांच्या वरच्या दर्जाच्या योजनेत दलाली तीस टक्के, म्हणजे नऊ डॉलर गेले. माल नऊ-दहाचा. स्वयंपाक करणाऱ्यांचा पगार धरा तेवढाच. उरले एक ते तीन डॉलर, त्यातून डबे, पिशव्या, गॅस, वीज, विमा आणि घरमालक. जिथे एरवी शंभरामागे तीन ते पाच डॉलर सुटतात, तिथे हा धर्मादाय कारभार झाला. न्यूयॉर्क शहरानं करोनात या दलालीला लगाम घातला तो याच कारणानं. आणि हे दलाल तरी गब्बर झाले का? ग्रबहब २०२१ मध्ये ७३० कोटी डॉलरला विकली गेली होती, २०२४ च्या अखेरीस तिचा सौदा ठरला ६५ कोटींना. हॉटेलांचं रक्त पिऊन ढेकूणही उपाशीच राहिला.

यंत्रांचं भविष्य सांगणाऱ्यांसाठी मला १९०२ च्या फिलाडेल्फियात जायला हवं. हॉर्न अँड हार्डार्ट यांनी तिथे ‘ऑटोमॅट’ उघडलं: भिंतभर काचेची छोटी दारं, खाचेत निकेल टाका, मूठ फिरवा, दार उघडून ‘पाय’ (pie) किंवा सँडविच घ्या. वेटर नाही, टिप नाही, बोलणं नाही. १९१२ मध्ये ते टाइम्स स्क्वेअरला आलं आणि लोकांना वाटलं की उद्याचं हॉटेल ते हेच. शेवटचं ऑटोमॅट १९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये बंद झालं. त्या भिंतीच्या मागे काय होतं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. मागे बाया उभ्या असायच्या. एक कप्पा रिकामा झाला की पुढचं सँडविच सरकवायच्या. ‘पाय’ भाजणारे, सॅलड कापणारे, भांडी घासणारे सगळे होतेच, फक्त दिसत नव्हते. गिऱ्हाईकाला यंत्र दिसलं आणि त्यानं माणसं नाहीत असं समजून घेतलं.

शंभर वर्षांनी तीच भिंत नव्या रंगात उभी राहिली. झूम नावाची कंपनी यंत्रमानवाकडून पिझ्झा करून घेणार होती. सॉफ्टबँकेनं त्यात ३७ कोटी ५० लाख डॉलर ओतले, आणि २०२३ मध्ये तिनं गाशा गुंडाळला. मॅकडोनाल्ड्सनं गाडीतून ऑर्डर घ्यायला आयबीएमचं बोलणारं यंत्र शंभरावर शाखांत लावलं होतं, ते २०२४ च्या जुलैपर्यंत काढून टाकलं. यंत्रं येणार नाहीत असा माझा दावा नाही. बटाटे तळणारं, भांडी धुणारं, हिशेब ठेवणारं यंत्र येईल, आलेलंही आहे. पण कोथिंबीर निवडणारा हात त्यानं वाचत नाही.

तो हात कुणाचा, हा माझ्या लेखी खरा प्रश्न, आणि आरोपपत्रात नेमका तोच नाही. अमेरिकेतल्या हॉटेल कामगारांत पाचातला साधारण एक जण परदेशात जन्मलेला आहे. मोठ्या शहरांतल्या भटारखान्यात शिरा, मग हा आकडा फार कमी वाटेल. उडपी म्हणून पाटी लावलेल्या जागेत सांबार ढवळणारा मेक्सिकोतल्या पुएब्लाचा असतो आणि त्याच्या हातचं सांबार फक्कड होतं. या धंद्याचं भविष्य मंडईत किंवा सिलिकॉन व्हॅलीत ठरण्याआधी इमिग्रेशनच्या कायद्यात ठरतं, आणि हे काही आज सुरू झालेलं नाही. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद केली, व्यापाऱ्यांना मात्र सूट ठेवली. १९१५ मध्ये एका केंद्रीय न्यायालयानं हॉटेलमालकही व्यापाऱ्यातच मोडतो असा निर्णय दिला. झालं! नातलगांना आणायचं तर हॉटेल काढा, ही वाट दिसली आणि १९१० ते १९२० या दहा वर्षांत न्यूयॉर्कमधली चिनी हॉटेलं चौपट झाली. अमेरिकनांना अचानक चॉप सुईची चटक लागली म्हणून ही चौपट झाली नव्हती, एक फट मोकळी सापडली म्हणून झाली. आजही इथल्या आशियाई रेस्टॉरंटांत ३९ टक्के चिनी आहेत आणि भारतीय जेमतेम सात.

आता उलट दिशेचं उदाहरण. ३० मे २०२५ रोजी सॅन दिएगोतल्या एका इटालियन हॉटेलावर ऐन संध्याकाळच्या गर्दीच्या तोंडावर इमिग्रेशन खात्याची धाड पडली आणि गल्लीतले लोक जमून ओरडायला लागले. तिथे वाईट धंद्यामुळे टेबलं रिकामी झाली नव्हती. शिजवणारी माणसं बेड्या घालून नेली जात होती. पगारवाढीनं हॉटेलं मेली म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय की पगार घ्यायला माणूसच उरला नाही तर तुमचा सिद्धांत कुठल्या खुंटीला टांगणार?

आपल्यातली काही मंडळी यावर म्हणतात की कायद्यानं यावं, आम्ही नाही का आलो. आपण कसे आलो ते जरा आठवू. मुंबईत वाढलेले गोवेकर फ्लॉइड कार्डोझ हॉटेल व्यवसायाचं शिक्षण घेऊन न्यूयॉर्कला आले. १९९८ मध्ये डॅनी मायर यांच्याबरोबर त्यांनी ‘तबला’ उघडलं आणि बारा वर्षं चालवलं. २०११ मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ त्यांनी जिंकलं ते जंगली अळंब्यांचा उपमा करून. (उपम्याला नाकं मुरडणाऱ्या समस्त मराठी मुलांनी याची नोंद घ्यावी.) २४ मार्च २०२० रोजी करोनानं न्यू जर्सीत त्यांचा घास घेतला, या देशातल्या नावाजलेल्या शेफपैकी सर्वांत आधी गेलेल्यांत ते होते. पुढच्या वर्षी सरकारनं हॉटेलांसाठी २८६० कोटी डॉलरचा मदतनिधी काढला. २ लाख ७८ हजार अर्ज आले, मिळाला सुमारे एक लाखांना, आणि बाकीच्यांना निधी संपल्याचं कळवण्यात आलं. करोनात जगली ती उत्तम हॉटेलं आणि मेली ती टाकाऊ, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा उशाशी ठेवावा.

दुसरे नगरचे मेहेरवान इराणी. हे एमबीए करायला आले, मोटारी विकल्या, आणि २००९ च्या मंदीत, जेव्हा कुणी शहाणा माणूस हॉटेल काढत नव्हता, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये ‘चाय पानी’ काढलं. भेळ, वडापाव, काडीसारखी चिरून तळलेली भेंडी. २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत ते साऱ्या देशातलं सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंट ठरलं. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळानं अ‍ॅशव्हिलचं पाणी तोडलं, आणि शहरातल्या नळाला पिण्याजोगं पाणी पुन्हा यायला ५३ दिवस लागले. मंदी, साथ, वादळ एवढं सगळं पाहिलेल्या धंद्याला पगारातल्या चार डॉलरच्या वाढीनं मरण येईल हे मला कुणीतरी कागदावर मांडून दाखवावं.

पण इराणी आले ते विद्यार्थ्याच्या दारानं. आज नगरच्या एखाद्या तयार आचाऱ्याला तिथे जाऊन भेळच करायची असेल तर? पदवी लागते, म्हणून एच-१बी नाही. काम बारमाही, म्हणून हंगामी मजुरांचा एच-२बी नाही, आणि त्याच्याही मूळ जागा वर्षाला ६६ हजारच. भांडी घासणाऱ्या, भाजी चिरणाऱ्या बिनअनुभवी माणसासाठी कायमच्या व्हिसाच्या जागा साऱ्या जगाला मिळून वर्षाला फार तर दहा हजार, आणि त्यांतच त्यांची बायकामुलंही मोजायची. दोन वर्षांच्या अनुभवाच्या कुशल आचाऱ्याला तेवढी एक वाट आहे, पण भारतात जन्मलेल्यांची त्या रांगेतली प्रतीक्षा दहा वर्षांच्या वर गेलीय, हे ग्रीन कार्डाच्या तारखा तोंडपाठ असलेल्या आपल्या मंडळींना मी सांगायला नको. नगरहून आज निघालेला अर्ज मार्गी लागेतो त्या हॉटेलाचा भाडेकरार एकदा संपून नव्या दरानं करायची वेळ आलेली असेल.